बिनदिव्याची अवस

नाशिक,
१८ जून २००६

तृप्तीवहिनी,

एका प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, म्हणून तुला विचारते. ज्या गावात कोणीच राहत नाही असं सरकारने लिहून ठेवलंय, त्या गावात कोणी राहत नाही हे सरकारला सांगितलं कोणी?

नीट सांगते. होणाऱ्या तलावात बुडणाऱ्या गावांच्या यादीत आपल्या हिरडदऱ्याचं नाव नाही, हे दिनेशदादा होळीला म्हणाला होता. खालच्या गावाचं आहे, पलीकडच्या पाड्याचंही आहे. पाणी तर आधी आपल्याच घरांत शिरेल. यादीत नाव नाही म्हणजे दुसरी जमीन नाही, दुसरं घर नाही. म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. परवा त्या फाइलच्या झेरॉक्स मिळाल्या. हिरडदऱ्यासमोर एकच शब्द आहे, बेचिराग.

मी बी.ए. झाले, पण हा शब्द कधी वाचला नव्हता. खिडकीपलीकडच्या भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, चिराग म्हणजे दिवा, दिवा लागत नाही ते गाव बेचिराग; जमीन आहे, माणूस नाही. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही तिथल्याच ना? मग ताई, तुम्ही इथे उभ्या कशा?" मागे रांगेतले लोक हसले. मीही हसले, पण बाहेर आल्यावर थोडा वेळ पायरीवर बसून राहिले.

आदेशात फक्त तो शब्द आहे. पण आदेश निघण्याआधी अधिकारी फाइलवर आपल्या हाताने काय पाहिलं, काय वाटलं ते लिहितात. त्याला टिपणी म्हणतात. जुलै १९९३ ची एक टिपणी तुझ्यासाठी उतरवते:

"नाला ओलांडून सायंकाळी पोहोचलो. घरे उभी आहेत. एकाही घरात दिवा अथवा चूल पेटलेली नाही. गुरे, कोंबड्या, कुत्री नाहीत. हाका मारल्या, प्रतिसाद नाही. पहिल्या घराच्या उंबऱ्यावर एक वृद्ध महिला बसलेली होती. 'इथे आता कोणी राहत नाही' असे तिने सांगितले. नाव सांगितले नाही. ओळखीसाठी नमूद: डाव्या हातात चांदीचे जाड कडे. सबब गाव बेचिराग समजण्यास हरकत नाही."

पहिलं घर अक्काबाईचं. आणि हातात कडं असलेली म्हातारी आपल्याकडे तीच. बाबांची चुलती असं का सांगेल गं? कोणी घाबरवलं होतं का तिला? मी रागावले नाही. फक्त हळूच विचार, आणि लवकर लिही. टिपण्या लोकांना द्यायच्याच नाहीत असा बदल कायद्यात करायचं दिल्लीत चाललंय, पेपरात सारखं येतं. तसं झालं तर पुढच्या माणसाला नुसता तो एक शब्द मिळेल. तो कोणी, काय पाहून लिहिला, हे विचारायची वाटच राहणार नाही.

तुझी,
सरू

*

हिरडदरा,
२७ जून

सरू,

पत्र खालच्या गावच्या मास्तरांनी आणून दिलं. भाताची आवणी सुरू आहे, हात चिखलाचे, म्हणून दोन दिवस उशीर.

तुझं पत्र मी अक्काबाईला वाचून दाखवलं. कड्याच्या ओळीवर तिने मला थांबवलं. म्हणाली, "कोन्त्या हातात?" मी म्हटलं, डाव्या. तिने आपला हात माझ्यापुढे धरला. तिचं कडं उजव्या हातात आहे. लग्नापासून तिथंच आहे म्हणते, आता बोटांची हाडं जाड झालीत, काढायचं म्हटलं तरी निघत नाही.

साहेबाने घाईत डावं-उजवं केलं असेल, असं मी म्हटलं. पण मग मलाच आठवलं. त्या टिपणीची तारीख बघ आणि पंचांग बघ. आषाढातली अवस आहे का?

हे पत्रात लिहायचं नसतं. पण तू लहानपणापासून आश्रमशाळेत, आषाढात कधी घरी नव्हतीस, आणि तुला कोणी सांगितलंही नसेल. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पण आधी कळलं नाही. त्या अवसेला दुपारीच चुली विझवतात, राखसुद्धा भरून नेतात. दारांच्या कड्यांना बाहेरून सुतळी बांधतात आणि कुत्री-कोंबड्या घेऊन सगळे वरच्या माळावर जातात. ज्यांनी ही घरं बांधली त्यांना एक रात्र ती परत द्यायची. मागे दिवा ठेवायचा नाही. सकाळी खाली यायचं. झालं.

म्हणजे त्या दिवशी अक्काबाई गावात नव्हती. कोणीच नव्हतं. लाकडं गोळा करायला आलेली दुसऱ्या गावची कोणी बाई पावसाला म्हणून बसली असेल, असं मी म्हटलं. अक्काबाई उठता उठता म्हणाली, "म्हातारीनं खरं तेच सांगितलं." कोणती म्हातारी ते विचारेपर्यंत ती पागोळ्यांखाली जाऊन हात धूत होती.

वहिनी

*

नाशिक,
५ जुलै

वहिनी,

पंचांग पाहिलं. अवसच होती.

खरं सांगू, मला हलकं वाटलं. कोणी फितूर झालं नव्हतं. एका माणसाने चुकीच्या दिवशी पाहिलं आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. त्या साहेबाचा मला रागच येत नाही. बाईचं म्हणशील तर तुझंच खरं असणार, कोणीतरी लाकडं न्यायला आलेली.

मी फेरपाहणीचा अर्ज दिला. नवे साहेब वयाने लहान आहेत, ऐकून घेतात. टिपणी दाखवली तशी म्हणाले, मी स्वतः येतो, गावात माणसं दिसली की तो शेरा काढायची शिफारस करतो. पण या वेळीही ओसाड दिसलं तर प्रकरण कायमचं बंद. तारीखही दिली, २४ जुलै, सोमवार. तालुक्याची कामं उरकून संध्याकाळपर्यंत पोहोचतील.

मी आनंदात घरी आले. आमच्या घरमालकीण वत्सलाबाई माळ्यावरून समया काढत होत्या. अवसेला त्या घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडतात. म्हणाल्या, "सोमवारी दिव्यांची अवस. तुमच्याकडे नसते का गं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. तारीख बदला म्हटलं. भाऊसाहेबांनी कारण विचारलं. काय सांगू? म्हटलं, त्या दिवशी गावातले लोक नसतात. ते म्हणाले, "गाव काय किरकोळ रजेवर जातं का, ताई?" साहेबांची बदली झालीय, महिनाअखेर जातील, पुढचे कधी येतील माहीत नाही. रेशनकार्डं दाखवली, तर सगळी खालच्या गावाच्या नावावर. मतदारयादीही तशीच. वीज आली नाही, कारण बेचिराग गावाला वीज कशाला? आता आपल्याकडे दाखवायला माणसंच आहेत.

एकच वर्ष आपण घरी राहिलो तर? मी मोडा म्हणत नाही. एक संध्याकाळ. तू सगळ्यांना विचार.

सरू

*

हिरडदरा,
१४ जुलै

सरू,

विचारलं. अक्काबाईच्या पडवीत सगळे बसले होते. मंगळूने सरळ सांगितलं, माझ्या आज्याने पाळलं, मी मोडणार नाय. तुझा दिनेशदादा दिंडोरीहून सुट्टी घेऊन आला होता. तो म्हणाला, "सरकारला सांभाळलं तर घरचे रुसतात, घरच्यांना सांभाळलं तर सरकार बुडवतं. मंगळूभाऊ, तू पोहायला शिक." सगळे हसले. बायका पोरांकडे बघत होत्या. थांबायला तयार कोणी नव्हतं. मी पण नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

शेवटी अक्काबाई म्हणाली, सरूला बसू द्या. तिने कधी ही अवस पाळली नाही, म्हणजे तिने मोडली असं होणार नाही. पण तिचं सांगणं नीट वाच. आपल्याच घरात बसायचं. दिवा एकच लावायचा. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकायचा नाही, उजाडेपर्यंत. कोणी बोललं तर बोलावं, पण तू कोण असं विचारू नये.

तुझी आई म्हणते येऊ नको.

आणि एक. मी कड्याचं परत विचारलं. कडी जोडीची होती. अक्काबाईच्या सासूने, बायडाबाईने, एक नव्या सुनेच्या उजव्या हातात घातलं आणि दुसरं स्वतःच्या डाव्या हातात ठेवलं. या दऱ्यात पहिलं घर बायडाबाईनेच बांधलं. ती तू जन्मायच्या आधीच गेली. कडं काढू नका असं सांगून गेली, म्हणून कोणी काढलं नाही.

मी तुला ये म्हणत नाही, नको पण म्हणत नाही.

वहिनी

*

नाशिक,
२२ जुलै

वहिनी,

दिनेशदादा आज गावी येतोय, त्याच्या हाती हे देते. टिपण्या झाकायच्या बदलाला दिल्लीत मंजुरी मिळाली असं पेपरात आलंय. आता ते लोकसभेत जाईल. आज आम्ही माहिती अधिकार केंद्रातले सगळे कलेक्टर कचेरीसमोर बसलो होतो. माझ्या हातात पाटी होती, 'जे पाहिलं ते लपवू नका.' अक्षर माझंच.

मी येते. आईला सांग, सोमवारी दुपारच्या गाडीने. तुम्ही नेहमीसारखं माळावर जा, माझ्यासाठी कोणी मागे राहू नका. साहेबांना एक दिवा दिसला तरी पुरे. एक दिवा असलेलं गाव बेचिराग कसं म्हणतील?

कड्याबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं.

सरू

*

नाशिक,
२६ जुलै

प्रिय वहिनी,

तुमचे उपकार कसे फेडू मला कळत नाही. मी एकटीने बसायचं ठरलं होतं, आणि तुम्ही सगळे परत आलात. मंगळूकाकासुद्धा. मी जन्मभर विसरणार नाही.

काय झालं ते माझ्या बाजूने सांगते. तुम्ही वर गेल्यावर पाऊस लागला. मी दार उघडं ठेवून आत पाटावर बसले, रॉकेलची चिमणी उंबऱ्याच्या आत ठेवली. अंधारून आलं तसं मला वाटलं आपण उगाच आलो. ओढ्याच्या आवाजाशिवाय काही नाही. कुत्रं नाही, कोंबडी नाही. घर आपलंच, पण वास ओळखीचा नव्हता. धूर नसला की घराला दगडाचा वास येतो हे मला माहीत नव्हतं.

मग समोर मंगळूकाकांच्या दारात उजेड दिसला. मग त्याच्या शेजारी. मग एकेक करत वरच्या आळीपर्यंत. वहिनी, मला रडू फुटलं. मी हाक मारली, "वहिनी, आलात का?" तर कोणीतरी बाईमाणूस म्हणालं, "आलो, आलो. बस तू." तुझाच आवाज वाटला, जरा घोगरा. माळावर भिजलीस वाटतं. भांड्यांचा आवाज आला, कोणाचं तरी लेकरू खोकलं. मी बाहेर यायला उठलेसुद्धा, पण अक्काबाईचं सांगणं आठवलं आणि बसले. एक गोष्ट नवलाची वाटली. वारा एवढा होता की माझी चिमणी मी दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि तुमचे दिवे जागचे हलत नव्हते.

साहेब आले तेव्हा त्यांच्या विजेरीचा झोत आधी अक्काबाईच्या दाराशी थांबला, मग माझ्याकडे आला. छत्री उलटी झालेली, तरी हसत होते. म्हणाले, "अहो, टेकडीवरून पाहिलं तर जत्रा वाटली. आणि आमच्या कागदावर बेचिराग." नाल्याला पाणी चढत होतं म्हणून थांबले नाहीत. त्यांच्यासोबतचा शिपाई मात्र सगळा वेळ माझ्या दाराला चिकटून उभा होता, घरांकडे पाठ करून.

उजाडताच पहिल्या गाडीसाठी निघाले. धुक्यात समोरचं घर दिसत नव्हतं. तुम्ही सगळे उशिरा झोपला असाल म्हणून हाक मारली नाही. अक्काबाईला माझा नमस्कार सांग. एवढी वर्षं पाळलेलं तिने माझ्यासाठी मोडलं.

तुझी,
सरू

*

हिरडदरा,
३ ऑगस्ट

सरू,

तुझं पत्र मी कोणाला वाचून दाखवलं नाही. फक्त अक्काबाईला, आणि तेही पोरं झोपल्यावर.

आम्ही खाली आलो नव्हतो.

आम्ही माळावर होतो, सगळे. मी पोरांची डोकी मोजली होती, मोठ्यांची पण. अंधार पडल्यावर मंगळूची नात ओरडली, गाव पेटलं. बघतो तर घरोघरी उजेड. आम्हाला वाटलं हे तूच केलंस. मंगळू लय चिडला. म्हणाला, एक सांगितला होता, हिने सगळ्या गावात लावले. शिकली म्हणून काय झालं? दिनेश खाली पळत निघाला होता, त्याला वाटलं तुला काही झालं. अक्काबाईने त्याचा हात धरला. त्या हाडकुळ्या हाताने एवढा गडी हलला नाही.

तुला ओरडायचं म्हणून मी सकाळी सगळ्यांच्या पुढे उतरले. तुमच्या घरात तुझी चिमणी, वात जळून गेलेली. बाकी सगळी दारं बंद होती. कड्यांना सुतळी आम्ही बांधली तशीच. माझ्या दाराची गाठ मी मारलेली, ती मी ओळखते. भिजून अशी आवळली होती की दाताने सोडवावी लागली. आत चूल गार. दिव्यात तेल होतं तेवढंच.

मंगळूने आपलं दार उघडलं, आत गेला, बाहेर आला आणि उंबऱ्यावर बसला. तेव्हापासून तो तुझ्याबद्दल काही वाईट बोललेला नाही.

तू कोणाचा आवाज ऐकलास ते मला माहीत नाही. मी भिजले नव्हते, माझा घसा चांगला आहे.

मी अक्काबाईला विचारलं, भ्यायचं का आता? ती म्हणाली, "दर साली आपुन त्यांना अंधारात बशिवतो. अंधारात बसलेलं मानूस दुसरं काय सांगनार? औंदा कोनीतरी दिवा ठेवला, त्यांनी त्याच्यावरून आपापले लावून घेतले." एवढं बोलून तिने कडं पदराने पुसलं.

सरू, हे कोणाला सांगू नको. आणि त्या साहेबाने काय लिहिलंय तेवढं बघ.

वहिनी

*

नाशिक,
२१ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र आल्यावर मी पंधरा दिवस लिहू शकले नाही. रोज सकाळी टायपिंगच्या दुकानात जायचं, लोकांचे अर्ज टाइप करायचे. घरी आल्यावर वत्सलाबाईंकडे बसायचं. खोलीतला दिवा घालवायला हात होत नव्हता. वत्सलाबाईंनी विजेच्या बिलाबद्दल टोमणाही मारला.

बातमी चांगली आहे. टिपण्या झाकायचा तो बदल सरकारने तूर्त थांबवला. ठिकठिकाणी लोक बसले होते, म्हणून असेल. आमच्या केंद्रात पेढे वाटले. माझ्याही हातात पेढा ठेवला. पण मी दुसऱ्याच कागदाचा विचार करत होते.

कारण त्याच दिवशी भाऊसाहेबांचा निरोप आला होता. फेरपाहणीचे साहेब बदलीवर जाताना टिपणी लिहून गेले होते, तिच्यावर त्या दिवशी हजर असलेल्या रहिवाशाची साक्ष म्हणून सही हवी होती. हजर फक्त मी. गेले. भाऊसाहेबांनी फाइल माझ्यापुढे उघडी केली. त्यातलं तुला उतरवून पाठवते:

"सायंकाळी टेकडीवरूनच घरोघरी दिवे दिसले. घरांतून बोलण्याचा व भांड्यांचा आवाज येत होता. पहिल्या घराच्या उंबऱ्यावर एक वृद्ध महिला बसलेली होती. विचारले असता 'सगळे घरीच आहेत' असे तिने सांगितले. डाव्या हातात चांदीचे कडे, १९९३ च्या टिपणीत नमूद असलेली हीच महिला असावी. वस्ती असल्याची खात्री झाली. बेचिराग शेरा कमी करण्यास हरकत नाही."

मी वाचून बसून राहिले. भाऊसाहेबांना वाटलं अक्षर लागत नाही, म्हणून त्यांनीच मोठ्याने वाचलं. माणसं येत-जात होती, पंखा फिरत होता, आणि ते चष्मा सावरत 'सगळे घरीच आहेत' असं वाचत होते. मला त्या माणसाच्या तोंडून दुसराच आवाज ऐकू येत होता, जरा घोगरा.

वहिनी, तू मला ओळखतेस. मी 'जे पाहिलं ते लपवू नका' अशी पाटी घेऊन बसलेली मुलगी. आता लपवायची वेळ माझ्यावर आली होती. तू लिहिलंस ते मी तिथे सांगितलं असतं, गाव माळावर होतं, दारांना सुतळी होती, तर टिपणी रद्द झाली असती आणि आपण परत बेचिराग. दोन वर्षांत पाणी चढलं असतं, आणि ना दुसरी जमीन ना दुसरं घर, अशी वर माळावर बसून आपण आपलीच घरं बुडताना बघितली असती. त्यांचीही. हे मला त्या खुर्चीवर पहिल्यांदा कळलं. बुडणार होतं ते त्यांचंही घर, आणि दुसरं मिळालं तर तेही त्यांचंच असणार होतं.

आणि न सांगता सही केली, तर ती खोटी का? मी तिथे होते. दिवे पाहिले. आवाज ऐकला. साहेबांनी लिहिलंय त्यातलं एक अक्षर चुकीचं नाही. 'सगळे घरीच आहेत.' ते होते, वहिनी. मला हे कोणाला पटवून देता येणार नाही, मलाही रोज पटत नाही. पण त्या रात्री हिरडदरा रिकामा नव्हता, याची साक्षीदार मीच आहे.

भाऊसाहेब म्हणाले, "एक राहिलंय, ताई. त्या म्हातारीचं नाव साहेबांनी मोकळंच सोडलंय. दोन्ही वेळेला तीच भेटली म्हणतात, मग नाव तर पाहिजे. काय लिहायचं?"

अक्काबाईचं नाव सांगितलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. हातात कडं आहेच, डावं-उजवं कोण बघतंय? पण अक्काबाई माळावर होती. ते मात्र खोटं झालं असतं.

मी पेन मागितलं. मोकळ्या जागेत माझ्या अक्षरात लिहिलं, 'बायडाबाई, हिरडदरा.' पुढे वयाचा रकाना होता. भाऊसाहेब म्हणाले, अंदाजे टाका. मी म्हटलं, अंदाज येत नाही, आणि तो तसाच ठेवला. खाली सही केली, तारीख घातली.

ती टिपणी आता फाइलमध्ये आहे. कोणीही अर्ज केला तर त्याला मिळेल.

सरू